बेसला लावलेलं बूच

७ मार्च, कुरुंदा

आला! धम्मानंददादाचा बेस गिटार आज एस.टी.नं आला. तीन चादरींत गुंडाळलेला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. डिप्लोमाची दोन वर्षं त्याच्या घरी राहून मी याच्यावरच शिकले. आता त्याला बंगळूरला नोकरी लागली, म्हणाला कपाटावर धूळ खाण्यापेक्षा तुझ्याकडे राहू दे.

संतरामकाकांच्या गायन पार्टीचा अॅम्प आधीच मागून आणला होता. लीड, म्हणजे बेसपासून अॅम्पपर्यंतची वायर, खोचली, सगळ्यात जाड तार एका बोटानं ओढली — आणि पत्रा थरथरला! माठावरचा पेला वाजायला लागला. मी हात तसाच धरून उभी. एका बोटात एवढं असतं? छातीत काहीतरी हळूच उतरलं आणि तिथंच बसलं.

आई चुलीपुढे होती. भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली, माझा दंड धरून मला अंगणात ओढलं. "चल भायेर. धरणी हालून राहिली." आमच्याकडे जमिनीतून गुरगुर येते, भांडी हलतात, त्यामुळे तिचंही बरोबरच. मी बेस दाखवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी करपली म्हणून मलाच बोलली.

१० मार्च

गावभर हळदीचं पॉलिश चालू. ड्रम दिवसभर फिरतात, पिवळी पूड झाकलेल्या तांब्यातसुद्धा जाते. आईनं बारा वर्षं वसमतला त्या ड्रमशेजारी काम केलं, म्हणून तिला ही पूड माहीत. तिचे कानही त्या ड्रमनंच नेले. आता ओठ बघून समजून घेते.

तर आज दवाखान्यातल्या कामावरून आले, बघते तो बेसच्या लीड खोचायच्या भोकाला बूच! तुटक्या लीडच्या टोकाचा जॅक विळीवर कापून तिनं खोचून ठेवला होता. म्हणे, पूड आत गेली की वाद्य मेलं. काय डोकं! मी दाद दिली. वाजवून झालं की रोज बूच लावायचं, असं ठरलं.

१९ मार्च

विहारात पार्टीसमोर वाजवलं. ढोलकी, पेटी आणि मी. फरशीतून आवाज माझ्याच तळव्यांत परत येत होता. माझाच आणि तरी माझा नाही! संतरामकाका डोळे मिटून होते. मग म्हणाले, जयंतीला स्टेजवर ये, पण वाजलं पाहिजे साफ.

१४ एप्रिल! या पार्टीत आजवर एकाही बाईनं वाद्य धरलेलं नाही. बायका मागे, कोरसला. आईसुद्धा कोरसलाच होती — पण ताल तिचा असा पक्का, की ढोलकीवाला तिच्याकडे बघून वाजवायचा. लहानपणी मी टाळी चुकले की डोळे वटारायची. कान गेले आणि तिनं गाण्याचं नावच टाकलं. जयंतीला घरी बसते. आज तिला सांगितलं तर "बरं" म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवते.

२८ मार्च

आवाज फाटतोय. जोरात ओढलं की खर्रर्र.

२९ मार्च

दादाला फोन. तो म्हणाला, या बेसचा आवाज मुळातच मोठा निघतो, अॅम्पचं गेन खाली घे. घेतलं. बेसवरचा खर्जाचा नॉब मी पूर्ण पिळून ठेवला होता, तोही मधे आणला. जरा बरं झालं. दहा मिनिटं. मग पुन्हा खर्रर्र!

१ एप्रिल

लोक एप्रिल फूल करतात, मला बेस करतोय. लीड बदलली — तेच. स्पीकर फाटला म्हणावं, तर मोबाईल जोडून गाणं लावलं ते लख्ख वाजलं. म्हणजे अॅम्प शहाणा, लीड शहाणी. उरले मी. बोटं बघत बसले बराच वेळ. आई येऊन माझी बोटं बघून गेली, तिला वाटलं कापलं.

३ एप्रिल

काकांचा निरोप नाही, काका स्वतःच आले. ऐकलं. त्यांना माझा राग नव्हता, तेच जास्त लागलं. "अकरा तारखेपर्यंत साफ झालं तर ठीक, न्हाई तर नांदेडहून कीबोर्डवाला सांगतो. बेस तो डाव्या हातानं काढतो. तू कोरसला हायेसच की."

हायेसच की! म्हणजे आईच्याच जागेवर. एक जण गेली की दुसरी उभी करायची, तेवढ्यापुरती. ते गेल्यावर मी बेसला लाथ मारणार होते. मारली नाही. चादर घातली, बूच लावलं.

५ एप्रिल

आता हळू ओढलं तरी फाटतो. दवाखान्यात केसपेपर फाडताना तोच आवाज ऐकू येतो.

६ एप्रिल

वसमतला धर्मसिंगभाऊंकडे नेला. तीस वर्षं रेडिओ, टेप, लग्नाचे भोंगे दुरुस्त करणारा माणूस, पण बेस त्यांनी हातात धरला नव्हता. आधी वाजवून घेतलं. मग उलटा केला, लाकडावर टिचक्या मारत गेले. मागे दोन स्क्रूचं एक छोटं झाकण आहे. मी महिनाभर बघतेय, मला वाटलं शोभेचं आहे. त्यांनी ते उघडलं.

आत बॅटरी! चौकोनी, नऊ व्होल्टची, लाकडाच्या पोटात निजलेली! आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. मीटर लावला — नवाच्या जागी साडेपाच. भाऊ म्हणाले, आतलं सर्किट अर्धपोटी आहे, जोर केला की आवाज फाटणारच. समोरच्या दुकानातून नवी आणली, बसवली. मी जाड तार ओढली.

काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले. भाऊंनी त्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

मग विचारलं, "लीड कायम खोचून ठेवता का? जॅक आत गेला की बॅटरी चालू. भायेर काढला की बंद. दुसरं बटनच न्हाई याला."

लीड तर मी रोज काढते. असं मी म्हणाले आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

बूच.

६ एप्रिल, संध्याकाळी

आल्या आल्या आईवर ओरडले. ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्यानं — केवढी मूर्ख मी! तुझ्या बुचानं महिनाभर बॅटरी खाल्ली, तुझ्यामुळे मी स्टेजवरून जात होते, असं सगळं. तिनं शेवटपर्यंत माझे ओठ पाहिले. नजर काढली असती तर शब्द चुकवता आले असते, पण तिनं काढली नाही. मग उठून बूच ओढून काढलं आणि चुलीत टाकायला निघाली. मी हातातून घेतलं.

दाद मीच दिली होती की त्या बुचाला! रोज मीही लावत होते. हे तिला सांगितलंच नाही. दादाला मात्र फोनवर झापलं. तो म्हणतो, अगं, बॅटरीचं सांगायचंच राहिलं.

७ एप्रिल

आईची माफी मागितली. तिनं ऐकलं — म्हणजे पाहिलं — आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. जुन्या लुगड्याची पिशवी शिवून बेसला घातली होती, गळ्याशी नाडी. भोकावर आतून कापडाची घडी.

"याला तर करंट न्हाई ना?"

मी नाही म्हटलं. मला रडू आलं, तिला हसू.

११ एप्रिल

साफ! काकांनी तीन गाणी घेतली. मी जोर केला, हळू केलं, पुन्हा जोर केला — कुठंच फाटला नाही. विहाराच्या खिडकीची काच तेवढी गुणगुणत होती. काका म्हणाले, नांदेडला फोन करून नको सांगतो. एवढंच. पण जाताना अॅम्प त्यांनी स्वतः उचलून माझ्या घरापर्यंत आणला.

घरी येऊन पुन्हा वाजवला, उगीच. नऊ व्होल्टची चिमूटभर वस्तू, चार तारा, आणि सगळं घर बोलतं! मला अजून खरं वाटत नाही.

१४ एप्रिल

आई आली! कुणी बोलावलं नव्हतं. निळी साडी नेसून विहारापुढे आली, खुर्च्यांत बसली नाही. स्टेजच्या फळ्यांवर, माझ्या अॅम्पशेजारी, चप्पल काढून मांडी घालून बसली. मला वाटलं, माझ्यासाठी आली, लेक दिसावी म्हणून. तेवढंही पुष्कळ झालं.

सात गाणी वाजवली. तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला मी एक मात्रा आधी उतरले, पण लगेच सावरलं. ढोलकीवाल्याला कळलं नाही, काकांना नाही, एवढ्या माणसांत कुणालाच नाही. बरं झालं! मुली पुढे येऊन माझी बोटं बघत होत्या. शेवटच्या गाण्याला सगळं पटांगण उभं राहिलं आणि फळ्या अशा हलत होत्या की मी वाजवतेय की मला कुणी वाजवतंय, कळेना.

१५ एप्रिल

सकाळी चहा पुढं ठेवत आई म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात आधी उतरलीस तू. दुसऱ्या कडव्याला." आणि डोळे वटारले.