माय्लीनचा अर्ज

शिगेओ,

आईंना दुपारची गोळी दिली आहे. तू बागेतून येईपर्यंत शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसतील. पेज भरवताना त्यांना टेकवून बसव, नाहीतर ठसका लागतो.

मी सेंदाईला मैत्रिणीकडे जाते आहे. परत येणार नाही.

सकाळी मी स्वतः जपानमध्ये राहण्याच्या परवान्याच्या ऑफिसात गेले होते. खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमच्या मुलीचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही." चार वर्षं तू सांगत होतास, "ऑफिसवाले ढिम्म आहेत, मी तरी काय करू?" घरी येऊन शोधलं, तर अर्ज फवारणीच्या औषधांच्या कपाटात सापडला. माझ्या सहीसकट, माय्लीनच्या फोटोसकट. गेल्या महिन्यात ती अठराची झाली. अठरानंतर माझी मुलगी म्हणून तिला इथे येता येत नाही.

ती आली की मी आईंचं करणार नाही, असं वाटलं का तुला? अरे, आजीशी बोलता यावं म्हणून ती तिकडे फिलिपिन्समध्ये, इलोइलोत, तुमची जपानी भाषा शिकत होती.

तुला ती बाबा म्हणते. तिचा नंबर फ्रिजवर लावला आहे. तिला फोन कर आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मी तुझ्या वतीने आता काही सांगणार नाही.

रोवेना