दोन शहरं बघून आल्यावर

नाना, स्टँडासमोरची आपली भज्यांची टपरी तुमच्या माघारीही अजून तिथंच आहे, पण या सोमवारनंतर राहील की नाही सांगता येत नाही. पालिकेनं बायपासला खाऊगल्ली बांधली आहे. वर पत्रा, खाली फरशी, नळाला पाणी, बसायला बाकं. आम्ही स्टँडासमोरचे बारा टपरीवाले तिकडं जायला राजी आहोत का, ते सोमवारी सह्या करून कळवायचं आहे. जायचं तर बाराजणांनी जायचं, नाहीतर कुणीच नाही. मी सगळ्यांत म्हातारा, मुलगी पुण्यात, पुतण्या इंदूरला. म्हणून बाकीचे म्हणाले, काका, मोठ्या शहरांत अशा जागा कशा चालतात ते बघून या, तुमच्या शब्दावर ठरवू. तुम्ही मला ओळखता. निघायच्या आदल्या दिवशी पिशवी दोनदा भरली, दोनदा उपसली.

पुण्यात मुलीनं मेट्रोत बसवलं. दार लागेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. जिना उतरून खाली आलो तर समोरच मोठा हॉल, कडेनं खाण्याची दुकानं, मधे टेबलं. मी टेबलाशी बसून पाण्याची वाट बघत राहिलो. बराच वेळ कुणी फिरकेना. इथली माणसं माजोरी दिसतात, असं मनात म्हणतोय तोवर मुलगी ट्रे घेऊन आली. "आबा, इथं आपलं आपणच आणायचं असतं." हॉल माणसांनी फुललेला होता. कॉलेजच्या मुली, ऑफिसातली माणसं, नातवाला भरवणारी एक आजी. निम्मीअधिक मेट्रोतून उतरून सरळ आलेली. इंदुरात तर एक अख्खा रस्ता खाण्याचा, गाड्यांना दोन्ही टोकांशी मज्जाव, आणि तोंडाशीच सिटी बसचा थांबा. उतरायचं, उभ्यानं पोहे खायचे, पुढची बस धरायची. येताना नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो, तिथंही तेच. शहर थोरलं असो की धाकटं, माणूस जिथं पायउतार होतो तिथंच त्याला भूक लागते.

हे सगळं बघून आलो आणि इथं येऊन सांगितलं काय? बाकीचे आपल्या टपरीपाशी जमले होते. मी म्हणालो, काही दम नाही त्यात. खुर्च्या मोकळ्या, खाणं बेचव, दोन घास घेऊन उठलो.

का म्हणालो ते तुम्हाला कळेल. सातवीत शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलो आणि एकच विद्या शिकलो. पुलावर एस.टी.चा हॉर्न वाजला की घाणा तेलात सोडायचा. गाडी वळसा घेऊन फलाटाला लागेपर्यंत भजी परातीत. गिऱ्हाईक बघून तळणं मला कधी जमलंच नाही, मी गाडी ऐकून तळतो. बायपासला पूल नाही, स्टँड नाही. तिथं मी तेलापाशी उभा राहून करायचं काय? ही भीती मी सगळ्यांच्या ताटात वाढली.

एकदा तुम्ही बाजाराला गेला होता आणि गाडी उशिरा आली. गार झालेला घाणा मी पुन्हा तेलातून काढला आणि ताजा म्हणून विकला. तुम्ही परत येता, एक भजं मोडून बघता. "चढ गाडीत," म्हणता, "आन सांग त्यांला." मी पन्नास माणसांपुढं उभा आहे, खिडकीतून तुमची टोपी दिसते आहे. शेवटी सांगतो. पुढच्या सीटवरची म्हातारी म्हणते, "आरं, चांगली हायेत की! आन आनखी." सगळी गाडी हसते. तुम्ही हसत नाही.

आज सकाळी शेजारची भेळवाली चहा घेऊन आली. नवरा गेल्यापासून एकटी टपरी चालवते. वर ताडपत्री, तीही फाटलेली. पाऊस आला की चुरमुरे काखेत घेऊन बसते. त्या पत्र्याखालची जागा सगळ्यांत जास्त तिला हवी आहे.

"काका, उंद्या सही करायची का न्हाई?"

"सांगितलं ना. काही दम नाही त्यात."

"बेचव हुतं?"

"एकदम."

"मग दुसरा डोसा कशापायी मागिवला?"

मी कप खाली ठेवला. मुलीनं माझा फोटो मोबाईलच्या स्टेटसला लावला होता. माझ्यापुढं दोन रिकाम्या ताटल्या, मागं हॉल खच्चून भरलेला, खाली लिहिलेलं, ‘आबांचा दुसरा डोसा’. मी परत यायच्या आधीच तो बाकीच्या अकराही टपऱ्यांनी बघितला होता.

"मग कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? थोरल्या मान्साला खोटं पाडायचं व्हय? तुमी सोताच सांगाल म्हनून थांबलो. पर माझी ताडपत्री आता थांबत न्हाई, काका."

मग मी तिला खरं सांगितलं. हॉल भरलेला होता, पण तो मेट्रोमुळं. बायपासला एकही एस.टी. थांबत नाही, पायी माणूस तिकडं फिरकणार नाही. सह्या करा, पण आधी अर्जात लिहा की सगळ्या गाड्यांना खाऊगल्लीशी थांबा हवा. ती तशीच उठली. "एवढं शानपन आठ दिस पोटात ठिवलं व्हय! डोशासंगं गिळलं हुतं का काय?" आणि बाकीच्यांना हाका मारत गेली.

दुपारी अर्ज तयार झाला. पहिली सही माझी घेतली. वडापाववाला सगळ्यांदेखत म्हणाला, काकांनी बाराजणांचा विचार केला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. नाना, बाराजणांचा विचार मला अर्ज लिहिताना सुचला. हॉर्न ऐकायला मिळावा म्हणून थांबा मी आधी माझ्या एकट्यासाठीच मागितला होता. तेवढं मात्र त्यांना सांगितलं नाही.