उरलेल्यांवरून गेलेलं

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. चाकणला तळेगाव चौकात कंटेनरांच्या मागे रिक्षा अशी अडकली, की रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळायला घेतली. एरवी मी वैतागले असते. आज मागे बसून हसत होते. नव्या नोकरीतलं हे एकटीनं करायचं पहिलं काम, त्यामुळे सकाळपासून सगळंच छान वाटतंय.

खराबवाडीच्या पुढे सोपानरावांचा बंगला आहे. जमीन बरीचशी कंपन्यांना गेली. आता दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच शेड, आणि मध्ये बंगला आणि कांद्याचं एवढंसं रान. सोपानराव आणि शालनबाई दोघंच राहतात. मुलगी होती, संस्कृती. लग्नांचं शूटिंग करायची, घरातच तिचा स्टुडिओ होता. गेल्या वर्षी शिक्रापूर रस्त्यावर ट्रकनं तिच्या स्कूटीला उडवलं. तिचं सगळं काम, शिवाय ती लहान असताना सोपानरावांनी कॅमेऱ्यात घेतलेलं सगळं तिनं एकाच डब्यात साठवलं होतं. चार हार्ड डिस्कचा डबा. तो बंद पडला.

डिस्क घराबाहेर न्यायच्या नाहीत, अशी यांची अट. आमच्या चिंचवडच्या डेटा रिकव्हरी लॅबमध्ये तेजस्विनी मॅडमनी विचारलं, तिकडे राहून काम कोण करेल, तर मी लगेच हात वर केला. थेरगावच्या घरी मी आणि धम्मरत्नदादा दोघंच. आई-बाबा गेल्यापासून घर शांत असतं. म्हटलं, आठवडाभर हवापालट. दादा म्हणाला, चाकणच्या धुळीत कसला हवापालट. तरी स्टँडपर्यंत सोडायला आला.

संध्याकाळी गच्चीत उभी होते. समोरच्या कंपनीची शिफ्ट सुटली आणि निळ्या युनिफॉर्मची रांग गेटातून बाहेर पडली. बाबा आठवले. फर्स्ट शिफ्ट करून आले की कपडेही न बदलता मला सायकल शिकवायला मैदानात न्यायचे. सीट धरून मागून पळायचे. डब्याची पिशवी खांद्याला तशीच, आतला चमचा खुळखुळायचा. खुळखुळ लांब गेली की समजायचं, बाबांनी सीट सोडली.

शालनबाईंनी पिठलं-भाकरी केली होती. पोटभर जेवले. खोली स्वच्छ आहे. झोप छान लागेल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डबा उघडला. चारपैकी एक डिस्क फार पूर्वीच गेली होती. डबा महिनोन् महिने टींटीं करत होता म्हणे. घरात कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मग दुसरी गेली.

शालनबाईंना समजावून सांगितलं. या चार डिस्कचं असं असतं, की एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून हिशेबानं तिच्यातलं सगळं परत काढता येतं. उरलेल्यांवरून गेलेलं. पण दोन गेल्या की हिशेब जमत नाही. दुसरी डिस्क थोडीफार वाचता येतेय, म्हणून काही हाती लागेल, काही नाही. व्हिडिओ मध्येच फाटतील, आवाज जाईल. आधीच सांगितलेलं बरं. लोकांना फार आशा असते.

त्या म्हणाल्या, जेवढं येईल तेवढं येऊ दे, तू नुसती त्याच्याजवळ बस.

सोपानराव दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. स्वच्छ धोतर, टोपी, चेहऱ्यावर मंद हसू. सकाळी चहाच्या वेळी माझं नाव विचारलं. जेवताना पुन्हा विचारलं. दुपारी विचारलं, हे घर कुणाचं. पाहुणा विचारतो तसं, अदबीनं. शालनबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, आपलंच हाय. वय झालं की असं होतं. पण वय तसं फार दिसत नाही त्यांचं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डिस्कच्या प्रती काढून झाल्या. मूळ डिस्कना मी सहसा पुन्हा हात लावत नाही. पण शालनबाईंनी त्या डब्यातच ठेवायला लावल्या, आणि डबाही चालूच ठेवायला सांगितला. ठेवला. घर त्यांचं.

एक विचित्र झालं. संस्कृतीच्या बारशाचा व्हिडिओ पूर्ण उघडला. पाळणा, बायका, गाणं, सगळं. तो पूर्ण उघडायला नको होता. त्याचा निम्मा भाग ज्या जागी होता, तिथलं काही वाचलंच गेलेलं नाही. माझ्या प्रतीत तिथे नुसती शून्यं आहेत. पुन्हा पुन्हा तपासलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, डिस्कचा क्रम चुकला असेल, परत लाव. क्रम चुकलेला नाही.

आवाज साफ आहे. पाळण्याला लावलेली माळ हलते तीही दिसते. मला आनंद व्हायला हवा होता.

दुपारी मोबाइल उघडायला गेले, तर पॅटर्न बोटांना आठवेना. रोजचा पॅटर्न. शेवटी अंगठा लावून उघडला. थकले असेन.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज आणखी व्हिडिओ उघडले. मी काही करत नाही. शेजारी बसते, आणि ते भरत जातात.

सकाळी एक भरला. संस्कृती सात-आठ वर्षांची, सायकलवर. मैदान. मागून एक माणूस सीट धरून पळतोय. निळा युनिफॉर्म, मिशी, खांद्याला पिशवी. पिशवीत काहीतरी खुळखुळतं. मग खुळखुळ मागे पडते आणि मुलगी एकटीच पुढे जाते. वळून बघते आणि हसते. मैदानातली धूळसुद्धा दिसते, इतकं स्वच्छ.

शालनबाईंना बोलावलं. त्यांनी पडद्यावर हात ठेवला. मी विचारलं, हा माणूस कोण, सोपानराव तर कधी कंपनीत नव्हते. त्या म्हणाल्या, "कोण का असंना. पोरगी बघ कशी सरळ चाललीय."

मीही पुन्हा पाहिला. चांगला चेहरा आहे माणसाचा. ओळखीचा नाही.

संध्याकाळी दादाचा फोन. उद्या बाबांचा स्मृतिदिन, भन्ते येणार आहेत, वंदना आहे, सकाळीच ये. हो म्हणाले. फोन ठेवला आणि बाबांचा चेहरा आठवायला गेले. नाही आला. नाव आहे, वर्ष आहे, कुठल्या कंपनीत होते तेही आहे. चेहरा नाही. वहीची मागची पानं उलटली. सोमवारच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : युनिफॉर्म, सीट, पिशवी, चमचा. दोनदा वाचलं. दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाटलं.

म्हणजे तो माणूस बाबा होते. माझे. तिच्या व्हिडिओत.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा असतो तसं आहे. आहे, पण आपला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

थेरगावला गेले नाही. शालनबाईंना विचारायचं होतं. त्या अंगणात कांदे निवडत होत्या. मी वही दाखवली, व्हिडिओचं सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही.

"हे बसायचे तिथं," त्या म्हणाल्या. "डबा बंद पडला तरी उठायचे न्हाईत. मग एक दिवस आपसूक एक व्हिडिओ लागला. मग दुसरा. आमी म्हणलं, देव पावला. तिकडं पोरगी दिसायला लागली, अन् इकडं हे मला अहो-जाहो करायला लागले. पुढं ते बी थांबलं. म्हणून तुमच्याकडं फोन केला."

मी विचारलं, काकू, तुम्ही का नाही बसलात?

"मी कशी बसू? ह्यांच्यातलं समदं सरलं. माझ्यातलं बी गेलं, तर तिला वळखायला घरात कोण राहील?"

मला बोलावलं तेव्हा हे ठाऊक होतं का, विचारलं.

"व्हय," म्हणाल्या.

कांद्याची सालं सुपात गोळा केली. मग म्हणाल्या, भाकरी गार होतीय, चल.

मी चिडायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. गेले आणि जेवले. उद्या निघायचं.

सोमवार, १० नोव्हेंबर

बॅग घेतली आणि निघाले. शालनबाईंनी अडवलं नाही. सोपानरावांनी ओसरीवरून हात जोडले.

ऊन होतं. रस्त्याला बस आली. चढले. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मला ते माहीत आहे, हे मला माहीत होतं. तोंड उघडलं. तो थांबला. मागचे लोक पुढे सरकायला लागले. पुन्हा विचारलं, "ताई, कुठं?" मी उतरले.

मोबाइल काढला. त्यातली नावं मतदार यादी वाचावी तशी वाचली. सगळ्यात वर एक होतं, 'दादा'. लावला. एक माणूस घाबरल्यासारखा बोलत होता. काल का नाही आलीस, फोन का उचलत नाहीस. मी म्हणाले, मी अंजली, आपण कोण? त्यानं माझं नाव पुन्हा विचारलं. मग हळू आवाजात म्हणाला, आहेस तिथंच थांब, सुट्टी मिळाली की येतो.

आहेस तिथंच, म्हणजे कुठे, मला कळलं नाही. रस्ता फक्त बंगल्याचाच ठाऊक होता. परत आले. फाटक उघडंच ठेवलं होतं.

आत जाऊन बसले. डब्याजवळ ऊबदार असतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बरंच भरलं. शाळेचं गॅदरिंग. नदी. आंब्याच्या झाडावर ती आणि तिचा भाऊ. शालनबाई म्हणाल्या, तिला भाऊ नव्हता. म्हणाल्या, असू दे.

सोपानराव आज शेजारी येऊन बसले. दोघं बघत होतो. त्यांनी विचारलं, ही कोण. मी सांगितलं, संस्कृती. छान आहे, म्हणाले. मी म्हणाले, हो. छान आहे.

दुखत नाही काही.

तारीख — शालनबाईंना विचारायची राहिली

एकच फाइल उरलीय. शेवटचा वाढदिवस. केक कापून ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. ओठ हलतात — आवाज नाही. शालनबाईंना तोच हवाय. इतके दिवस तोच.

मी बसते. काही होत नाही. माझ्यातलं बहुतेक —

वरचं वाचून पाहिलं. अंजली नावाची कुणी आहे. बरी आहे.

दुपार

एक माणूस आला. मोटारसायकलवर. कंपनीचं कार्ड अजून गळ्यात. मला अंजू म्हणतो. माझे खांदे धरले, रडला. मी पाणी हवं का विचारलं, तर जास्तच रडला.

घरी चल म्हणतो. शालनबाई म्हणाल्या, उन्हाचा आलास, चहा टाकते. पोरीला बरं न्हाई, घाबरलीय, एकदम नेऊ नको. जरा तिच्यापाशी बस, जुनं काय काय आठवण करून दे, मग येईल ती. खुर्ची आणून दिली — इथे, डब्याच्या पलीकडे.

बसला. माझा हात हातात धरलाय, डावा. उजव्यानं मी लिहितेय. लिहू दे म्हणाला.

सांगतोय. पवनेचं पाणी घरात शिरलं होतं, तेव्हा त्यानं मला खांद्यावर — शाळेत मला कुणी मारलं होतं, तेव्हा तो — एकेक सांगतोय. चांगलं सांगतो. डब्यावरचा दिवा लुकलुकतोय, भराभर.

शालनबाई दारात उभ्या. चहा हातात तसाच.

आवाज आला. आधी खरखर — मग शब्द. संस्कृती बोलली. आई, इकडे बघ ना, म्हणाली. स्पष्ट. शालनबाई तिथेच खाली बसल्या. कप फुटला.

तो बोलता बोलता थांबला. म्हणतो, काय सांगत होतो मी?

माझा हात सोडला. हाताकडे बघतो — मग माझ्याकडे. अदबीनं हसला.

याला उठवायला हवं. एवढं कळतंय मला. आत्ता, लगेच. अजून तो थोडा उरला असेल त्याच्यात. हाक मारली तर उठेल — पण याला मी हाक काय मारत