पदराखालचं दूध

प्रिय आई,

आधीच सांगून टाकते, हे पत्र मी भांडायला लिहिते आहे. तू गेलीस त्याला आठ महिने होत आले. इतके दिवस आपण न भांडता कधी राहिलो होतो का? परवा कुसुम मावशीने तुझी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोन लावला असता, पण तुझा फोन आता बाबा वापरतात. म्हणून लिहिते. शुद्धलेखनावर बोलू नको. बारावी सोडल्यापासून मी सह्यांशिवाय काही लिहिलेलं नाही.

पहिली बातमी म्हणजे तुला नात झाली. अठरा दिवसांची आहे. कान तुझे आहेत, बाकी सगळं आकाशच्या घरचं. आत्ता तुझ्याच पलंगावर झोपली आहे. पलंग मी खिडकीपासून लांब ओढलाय, कारण जिनिंगचा हंगाम सुरू झालाय आणि कापसाचे पुंजके जाळीला येऊन चिकटतात. ते तू हेअरपिनने काढायचीस. मला जाळीच काढून धुवावी लागली आणि आता ती परत बसत नाही. कुठून कुठे गेले बघ.

तुला ही बातमी द्यायलाच मी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, येत होते. तेव्हा मला तिसरा महिना होता. फोनवर सांगायचं नव्हतं, तुझं तोंड बघायचं होतं. तू मात्र फोनवर रागातच होतीस. "दिवाळीले नाही आली, संक्रांतीले नाही आली. माझ्या दुधाची आण आहे तुले चिमे, आखाजीले घरी ये," म्हणालीस.

दुधाची आण! ती तू मला किती वेळा घातलीस? नागपूरच्या मॉलमधली नोकरी सोडली तेव्हा घातलीस, पुण्यात पार्लरचा कोर्स अर्धा टाकून हैदराबादला गेले तेव्हा घातलीस. आणि कोणी पाहुणी आली की तुझं ठरलेलं असायचं, "दोन वर्षं पाजलं हिले. वरचा थेंब माहीत नाही पोरीले. म्हणून तर पायाले भिंगरी बांधल्यावानी पळते." मला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं. बाकी काही धड जमलं नाही तरी आपण अस्सल दुधावर वाढलो आहोत, एवढं तरी माझ्याकडे होतं.

त्या वेळी मी निघाले होते गं आई. खरंच निघाले होते. हैदराबादहून बसमध्ये बसले, तिकीट यवतमाळचं होतं. वाटेत पांढरकवड्याच्या मैत्रिणीचा फोन आला. टिपेश्वरला वाघीण बछडे घेऊन पाण्यावर येते आहे, उतर म्हणाली. मी उतरले. आखाजीला एक दिवस होता, एका दिवसाने काय होतंय असं वाटलं. वाघीण दिसलीच नाही. दुसऱ्या दिवशी, आखाजीलाच, परत गेलो. पाण्याकाठी चितळं होती, मोर होते, आणि खिशात बाबांचा फोन वाजत होता.

मी घरी पोचले तेव्हा तुला अंगणात आणलेलं होतं. छातीत कळ आली आणि संपलं, असं बाबा सांगत होते. सगळ्या बाया मला बघून रडल्या. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती, की आण मोडली.

आता मुद्द्यावर येते. पोरगी झाली ती यवतमाळच्या दवाखान्यात. सगळं नीट झालं, पण अंगावर दूध येईना. चार दिवसांनी आलं तेही थेंब थेंब. डॉक्टर बाई भल्या होत्या. म्हणाल्या, पाजत राहा, पण वजन उतरतंय, काही दिवस वरचं द्यावंच लागेल. पावडरचा डबा लिहून दिला. आकाशने तो आणला, मला नेरला बाबांकडे सोडलं आणि कामावर गेला. घरी आल्यावर तो डबा मी कणकेच्या डब्यामागे ठेवून दिला. सील न काढता.

आकाश रोज विचारायचा, देते ना वरचं? मी हो म्हणायचे. डॉक्टर बाईंनाही फोनवर हो म्हटलं. शतावरी घेत होते, डिंकाचे लाडू खात होते, अळिवाची खीर तर इतकी खाल्ली की आता वासही नको वाटतो. तासन् तास तिला छातीशी धरून बसायचे. तुझी एक आण मोडली होती, निदान एवढं तरी तुझ्यासारखं करावं, एवढंच माझ्या मनात होतं. तू दोन वर्षं पाजलंस आणि मला दोन आठवडे जमू नयेत?

पहिले काही दिवस ती खूप रडली. मग रडायची थांबली. मला वाटलं, दूध पुरायला लागलं. बाबा म्हणाले, गुणाची आहे. गल्लीतल्या बायाही तेच म्हणाल्या, असं शहाणं लेकरू पाहिलं नाही, आवाजच नाही घरात. मला किती अभिमान वाटत होता, आई! ती भुकेने निजून राहिली होती आणि आम्ही सगळे तिची तारीफ करत होतो.

परवा दुपारी मावशी अमरावतीहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने पोरीला उचललं. ओठांवरून बोट फिरवलं, लंगोट चाचपला. तो सकाळपासून कोरडा होता.

"कवाची झोपली हे?"

मी सांगितलं, सकाळपासून. शहाणी आहे, त्रासच देत नाही.

"शहाणी नाही वं. तिच्यात रडाची ताकत नाही राह्यली." मावशीचा आवाज चढत नाही, तुला माहीत आहे. तेव्हाही चढला नाही. "डॉक्टरनं काही लिहून देल्लं का नाही?"

मी डबा काढून समोर ठेवला. सील बघून तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उभ्या उभ्या रडायला लागले. म्हटलं, "आईनं मले डब्याचा थेंब नाही देल्ला, मावशी. मी कशी देऊ?"

मावशी पोरीला घेऊन खालीच बसली. मग म्हणाली, "तुले डब्यावरच वाढवलं तिनं. पहिल्या महिन्यापासून. एक डबा सरला का दुसरा मीच आणत होती अमरावतीहून, लुगड्याखाली दाबून."

आई, मला हसू आलं. खरंच आलं. वाटलं, मावशी माझ्यासाठी खोटं बोलते आहे. पण ती पाणी उकळायला ठेवत, माझ्याकडे पाठ करून एकेक सांगत गेली. असं खोटं कोणाला रचता येणार नाही.

बाळंतपणात तुला ताप भरला आणि दूध आटलं. आजी, म्हणजे तुझी सासू, बाहेरच्या खोलीत येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची की जिच्या अंगावर दूध नाही ती कसली आई. मग तू काय केलंस? काचेची बाटली माझ्या टोपड्यात गुंडाळायचीस, बांगड्यांना लागून वाजू नये म्हणून. भिंतीकडे तोंड करून बसायचीस आणि पदर ओढून घ्यायचीस. पदर घेतलेल्या बाळंतिणीकडे कोण बघतं? बायासुद्धा मान वळवतात. माझ्या आंघोळीचं पाणी तापायचं त्याच पातेल्यात बाटली उकळून घ्यायचीस. आजीला दोन वर्षं कळलं नाही.

मी चैत्रातली. म्हणजे नेरचा पुरा उन्हाळा तू पदराखाली काढलास. दिवसातून सात-आठ वेळा, घामाच्या धारा लागलेल्या, एका हाताने बाटली तिरकी धरून. अंगावर पाजणाऱ्या बाईला एवढे कष्ट पडत असतील का गं?

पोरगी दूध प्यायली. आधी मावशीने चमच्याने ओठ ओले केले, मग बाटली दिली. पिताना तिने मधेच डोळे उघडले आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. संध्याकाळी गाडी करून तिला यवतमाळला नेलं. डॉक्टर बाईंनी मला जे सुनवायचं ते सुनवलं. अजून एक दोन दिवस गेले असते तर, असं म्हणून त्या पुढे बोलल्या नाहीत. ते न बोललेलं माझ्या कानात अजून आहे.

आता सांग, मी कोणावर रागवू? तू मला एकदा, एकदाच खरं सांगितलं असतंस तर? आपण दोघीच स्वयंपाकघरात असायचो तेव्हा कधीतरी? का इतक्या वेळा सांगून सांगून तुझं तुलाच ते खरं वाटायला लागलं होतं? मी मावशीला हे विचारलं. ती म्हणाली, ताईले खोटं बोलाची सवय नव्हती, म्हणून एकच खोटं लय जपून ठेवलं तिनं.

काल मी बाबांना विचारलं. ते पेपर वाचत होते. वाटलं, धक्का बसेल. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"मले माहीत होतं," म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच महिन्यापासून. पदराखालून बुडबुड आवाज ये. अंगावरच्या दुधाले कुठं आवाज असते?"

मग बोलले काहून नाही, असं मी जरा जोरातच विचारलं. त्यांनी पेपरची घडी सरळ केली. मग म्हणाले, "तिले वाटे, कोणाले माहीत नाही. तेवढ्यावरच तर ती ताठ मानेनं फिरत होती. मी कायले मोडू?" नंतर अर्धा तास पेपरचं तेच पान त्यांच्यासमोर होतं.

ऐकलंस? तू ज्यांच्यापासून बाटली लपवत होतीस ते आवाज ओळखून गप्प बसले होते, आणि तू चोवीस वर्षं एकटीच ते ओझं वाहत होतीस. ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, आई. खोट्याचं नाही इतकं.

पण एक गोष्ट मात्र मी तुला सोडणार नाही. शेजारची वर्षा वहिनी. तिच्या पोराला ती पावडर देत होती तेव्हा आपल्याच घरी, हळदीकुंकवाला, चारचौघींत तू तिला "डब्यातलं लेकरू" म्हणून हसलीस. मी सुट्टीला आले होते, तिथेच होते. मीही हसले. तू तर जाणत होतीस ना सगळं? तुला हसवलं तरी कसं? का कोणी तुझ्याकडे बघू नये म्हणून तू आधी तिच्याकडे बोट दाखवलंस?

काल तिलाच बोलावलं. मावशी परत गेली होती आणि मला मापाची भीती वाटत होती. ती आली. काही न विचारता हात धुतले, उकळून निवलेलं पाणी आधी रेघेपर्यंत घेतलं, मग पावडरचा चमचा सुरीने सपाट करून टाकला. पातळ करायचं नाही आणि घट्टही नाही, म्हणाली. आणि जाताना दारात चप्पल घालत म्हणाली, "काकूंच्या त्या बोलण्यानंतर मी वर्षभर कोणाच्या घरी बाटली घेऊन गेली नाही. भाच्याच्या लग्नातबी गाडीत बसून पाजलं."

तुझी गोष्ट माझ्या अगदी ओठावर आली होती. मी गिळली. म्हटलं, गुपित आईचं आहे, तिला विचारल्याशिवाय कसं फोडू? म्हणून काल रात्रीपासून तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे, आणि आज कागद घेऊन बसले.

तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. म्हणशील, मेल्यावर तरी अब्रू राहू दे चिमे. पण आई, ह्यात अब्रू जाण्यासारखं होतं काय? माझे हे दोन पाय, हैदराबाद, पुणे, नागपूर सगळीकडे पळालेले, डब्याच्या दुधावरच तर उभे राहिले. आणि ते तू पाजलंस. दुसऱ्या कोणी नाही.

आज सकाळी वजन केलं. वाढलंय, थोडंच, पण वाढलंय. आधी अंगावर घेते, जे येईल ते येईल, मग बाटली देते. आणि आता रडते बरं का, गल्ली डोक्यावर घेते. बाबा काल म्हणाले, गुण गेले वाटते तिचे. बऱ्याच दिवसांनी हसले.

रविवारी बारसं आहे. आकाशला सुट्टी नव्हती म्हणून ते पुढे ढकललं होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया येतील. वर्षा वहिनीला मी सकाळीच बोलावलंय आणि बाकीच्या यायच्या आधी तिला तुझी गोष्ट सांगणार आहे, सगळी, टोपड्यापासून. तिची माफी मी मागेन, तुझ्या वाटची आणि माझ्याही वाटची. मग पोरगी भुकेजली की सगळ्यांच्या मधोमध बसून बाटली देईन. पदर घेणार नाही.

आणि तुला एक वचन देते. मी दिलेलं वचन पाळत नाही हे तुला माहीत आहे, पण हे पाळेन. हिला मी दुधाची आण कधीच घालणार नाही. अंगावरच्याही नाही आणि डब्याच्याही नाही. मोठी होऊन माझ्यासारखी भटकत गेली तर जाऊ दे. मला आठवण आली की फोन करून नुसतं ये म्हणेन.

तूही नुसतं ये म्हणाली असतीस ना आई, तरी मी निघालेच असते. वाटेत कुठेतरी उतरलेही असते. पण आले असते गं.

तुझी, तू पाजलेली,
चिमी