पाठीचं पाणी आणि तुरीचं वरण

३ नोव्हेंबर २०२५
रोजनिशी, माफ कर. पोळ्याला लिहिलं होतं, आता दिवाळीही होऊन गेली. लिहायला बसलो की चष्मा सापडत नाही. कौशल्या घरात एक वस्तू जागेवर ठेवत नाही. गुळाचा डबासुद्धा रोज नव्या जागी.

उशीर झाला तो सूर्यभानमुळे. धाकटा भाऊ माझा, तेल्हाऱ्याला असतो. पाच-सहा वर्षांपासून त्याचं डोकं बिघडत होतं, आता पुरतं कामातून गेलं. आमच्या वडिलांचंही असंच झालं होतं, तेव्हा लोक म्हणाले म्हातारपण. सूर्यभान तर साठीचा. त्याचं विसरण्यापासून नाही, गुळापासून सुरू झालं. आधी जेवणानंतर खडा, मग वाटीभर, मग डबा मांडीवर घेऊन बसणं. त्याच्या बायकोनं डबा मागितला तर तिला मारायला उठला. अमरावतीच्या मेंदूच्या डॉक्टर माधवी मॅडम म्हणतात, हे घराण्यातून उतरते.

मी मोठा असून ठणठणीत आहे. त्यामुळे त्यांचं म्हणणं चूक.

८ नोव्हेंबर
अकोल्याहून एसटीनं अमरावती. रागिणीनं बोलावलं. पोरगी आणि जावई नितेश तिथंच राहतात. लग्नाला पाच वर्षं झाली, पाळणा नाही. मला वाटायचं नितेशचा पगार कमी म्हणून थांबले. आज कळलं, सूर्यभानमुळे थांबले. रागिणी म्हणाली, "बाबा, तुमच्यात ते नसंल तर माझ्यात येणार नाही. असंल तर माझ्यातही असू शकते. मले आधी माहीत पाहिजे."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

मॅडमनी समजावलं. माझं रक्त घेणार, त्यात घराण्याचा दोष उतरला का ते दिसेल. पाठीच्या मणक्यातून थोडं पाणीही काढणार. ते पाणी मेंदूभोवती फिरते. त्यात काही प्रथिनं वाढलेली असली, तर त्रास दिसायच्या आधीच आतली मोडतोड कळते. तारीख दिली २२.

मी मान हलवली. माणसाचं वाक्य मध्ये तोडू नये.

९ नोव्हेंबर
झोप नाही. पण उपाय सापडला.

मी तीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हाताखाली होतो. शेतकरी गाडीत वर पांढरा कापूस लावायचे आणि खाली किडकी, पिवळी कवडी दाबायचे. सगळा खेळ नमुन्याचा. नमुना चांगला गेला की भाव चांगला.

सातवीत शिकलो होतो, प्रथिनं डाळीत असतात. तर आजपासून वरण बंद. वरण नाही, झुणका नाही, कढीत बेसन असतं म्हणून कढीही नाही. शरीरात प्रथिनं गेलीच नाहीत तर पाण्यात येतील कुठून? एवढं साधं मॅडमच्या लक्षात आलं नाही.

कौशल्याला सांगायचं नाही. ती रागिणीला फोन करते.

१२ नोव्हेंबर
भाकर, ठेचा आणि गूळ. गूळ हा फक्त वरणाच्या जागी आहे, तात्पुरता.

कौशल्या म्हणाली, "आवो, वरणानं काय घोडं मारलं तुमचं?" मी म्हटलं, गॅस होते. ती म्हणाली, "चाळीस वर्षं गॅस नाही झाला, आताच काहून?"

१५ नोव्हेंबर
दुसरी तयारी. मॅडम पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. सूर्यभानच्या वेळी मी बाजूलाच होतो. कंदील, पेरू, रुमाल, घोडा, विहीर. पाठ झाले. चालताना म्हणतो, आंघोळीत म्हणतो.

सकाळी दूधवाल्यानं "काकाजी, किती?" विचारलं. तोंडातून "पेरू" निघालं. दूधवाला हसला, कौशल्या हसली नाही.

१९ नोव्हेंबर
चक्कर आली. हे चांगलं लक्षण आहे. प्रथिनं उतरून राहिली.

कौशल्यानं गूळ पुन्हा हलवला. मी जरा मोठ्यानं बोललो. ताट सरकलं. ताट आपोआप सरकलं, जमीन उताराची आहे.

२१ नोव्हेंबर
उद्या. नमुना एक नंबर जाणार. रागिणीचा पाळणा हलणार. बारशाला वरण-पोळीच करायची, साजूक तूप घालून.

२३ नोव्हेंबर, रागिणीच्या घरी. डॉक्टरनं निजून राहायला सांगितलं. निजून लिहितो.
काल जे झालं ते क्रमानं लिहितो.

मॅडम म्हणाल्या, "काकाजी, आता मी पाच शब्द सांगते." मी त्यांना त्रास नको म्हणून आधीच सांगून टाकले. कंदील, पेरू, रुमाल, घोडा, विहीर. मॅडम थांबल्या. त्यांचे शब्द या खेपेला वेगळे होते. ते मला एकही आठवले नाहीत, कारण डोक्यात घोडा बसलेला.

मग त्यांनी सोबत आलेल्या कौशल्याला विचारलं, वागण्यात काही बदल? या बाईनं सगळं सांगितलं. वरण सोडलं, एकटेच पुटपुटतात, गुळासाठी ताट फेकलं. मॅडम लिहीत गेल्या. रागिणी खिडकीकडे पाहत होती. तिचा पदर तोंडाशी गेला.

मला राहवलं नाही. कापूस, नमुना, डाळ, सगळं सांगितलं. म्हटलं, मॅडम, हे रोगानं नाही, मी डोकं चालवून केलं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकाजी, ते प्रथिन डाळीचं नसते. मेंदूच्या पेशी मोडतात, त्यातून पाण्यात उतरते. तुम्ही वरण खा का उपाशी राहा, त्याले फरक पडत नाही."

मी म्हटलं, मग गूळही लिहू नका, तो वरणाच्या बदली होता.

कौशल्या हळूच म्हणाली, "कायची बदली? पोळ्यापासून खाऊन राहिले तुमी. मी डबा उगाच लपवून राहिली होती काय?"

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

मग कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी. पक्का ग्रेडर वरच्या कापसाकडे पाहत नाही, खांद्यापर्यंत हात गाडीत घालतो. सुई तशीच आत गेली. रागिणीनं माझा हात धरला होता. मी म्हटलं, "पोरी, पाणी दाखव." नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. मी म्हटलं, एक नंबर. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांनी दिसत नाही.

उठताना पाहिलं, रागिणीच्या दंडाला कापूस चिकटवलेला. मला न विचारता तिनं स्वतःचंही रक्त दिलं. "बाबा, तुमची वाट किती पाहू?" म्हणाली.

९ डिसेंबर, अकोला
नमुने बाहेर गेले, उत्तर नाही. मोबाइल वाजला की कौशल्या पिठाच्या हातानं धावते.

ठराव: आजपासून दोन्ही वेळ वरण, गूळ बंद. आता लपवायचं काही नाही, म्हणजे सोपं आहे.

दुपारी कौशल्यानं वरण वाढलं, तूप सोडलं, समोर बसून राहिली. मी घास घेतला. चव लागली नाही. दुसरा घेतला. मग तिनं माझा डावा हात धरला आणि बोटं एक एक करून उघडली. आत गूळ होता. मी डबा मागितला नव्हता. कुठं लपवला तेही मला माहीत नव्हतं.

तिनं ओरडावं असं वाटलं. तिनं फक्त माझा हात पदरानं पुसला.

माधवी मॅडम, माझं काय निघालं ते सावकाश सांगा, मला अंदाज आहे. माझ्या पोरीचं तेवढं लवकर कळवा.