सहाच्या बातम्यांसाठी रडायचं कसं

६ जानेवारी, सोमवार

'संतप्त रहिवासी'! मी! टीव्हीवर माझ्या हनुवटीखाली पट्टीच होती तशी. जनीस हबर्ड हे नाव नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवते ते नाही, भाडेकरू समितीची अध्यक्ष आहे ते तर नाहीच नाही.

आणि मी बोलले काय होते? नाताळच्या आधीपासून बॉयलर बंद आहे. घरं तापवणारे रेडिएटर गारठलेत. वर म्हातारी माणसं आहेत, तान्ही पोरं आहेत. मालक कंपनीला कळवून हात टेकले. हे सगळं वर्गात बोलते त्या आवाजात, अगदी सुटं सुटं सांगितलं. त्यातलं दाखवलं काय? शेवटी भुवया चढवून म्हटलं, "हे आम्ही चालू देणार नाही" — तेवढंच! तेही कॅमेरा खालून लावून. माझ्या नाकपुड्या अख्ख्या क्लीव्हलंडनं बघितल्या.

लगेच पुढची बातमी तळ्याकाठच्या उपनगरातली. तिथं एक रात्र वीज गेली होती म्हणे. गोरी बाई सोफ्यावर, मांडीवर कुत्रा, मागे हळुवार पियानो. आणि पट्टी काय? 'दोन मुलांची आई'. अगं बाई! मग मला काय कुत्र्याची पिल्लं झालीत? मलाही दोन मुलंच आहेत!

खालच्या मजल्यावरच्या मिस व्हर्डेल आल्या, अंगावर एकावर एक दोन कोट. सत्तरी कधीच उलटलीय, एकट्याच राहतात. चर्चमध्ये ईस्टरची नाटकं बसवण्यात जन्म गेला त्यांचा. म्हणाल्या, "पोरी, फार शहाण्यासारखं बोललीस. शहाण्यासारखं बोलणारी आपली काळी बाई त्यांनी ठेवायची कुठं?"

मी अजून धुमसतेय. निदान तेवढीच ऊब.

८ जानेवारी, बुधवार

वाहिनीच्या बातमीदाराला फोन केला. टॅनर नाव त्याचं. माझ्या माजी विद्यार्थ्याएवढा असेल.

"मॅडम, माहिती छानच होती हो. पण वेदना पोचली नाही."

वेदना! म्हटलं, बाबा, इकडे ये आणि आमच्या न्हाणीघरात एकदा बस. वेदना थेट पोचेल.

हसला मेला. मग हळूच, "इमारतीत दुसरी कुणी जरा… मनमोकळी बाई आहे का?"

म्हणजे हातवारे करणारी. गळा काढणारी. सरळ बोलायची हिंमत नाही, म्हणून मनमोकळी!

११ जानेवारी, शनिवार

आज हसून हसून बरगड्या दुखल्या.

मी फोनचं सांगितलं तर मिस व्हर्डेल रागावल्याच नाहीत. डोळेच चमकले त्यांचे. "मनमोकळी हवीय का? देऊ की!" दुपारी तळघरात, कपडे धुवायच्या यंत्रांमध्ये, बायकांची तालीमच लावली.

"खांदे आधी, आवाज नंतर! छातीवर हात — तिथं नाही, पित्त झाल्यासारखं दिसतंय! आणि मध्येच एकदा 'हे येशू!' म्हणायचं. ते कधी कापत नाहीत."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "हे येशू, बॉयलरचा दाब—"

"जनीस, तू खाली बस."

शेवटी ठरलं, त्या स्वतःच करणार. आयुष्यभर पडद्याआड राहून दुसऱ्यांना रडवलं, एकदा तरी समोर येते म्हणाल्या. मी म्हटलं, मिस व्हर्डेल, आपण त्यांना हवं तेच सोंग करतोय, लाज नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटते की. पण बोटं सुन्न पडलीत माझी. आधी बोटं, मग लाज."

मी त्यांची बोटं हातात घेऊन चोळत बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

टॅनर आला, बरोबर कॅमेरावाला. मिस व्हर्डेल चर्चचा निळा सूट घालून, ब्रोच लावून तयार. टॅनरचा चेहराच पडला. "आजी, घरातलाच गाऊन चालेल ना? आणि डोक्याला ते रात्री बांधता ते."

ब्रोच काढलं! गाऊन घातला, टोपडं चढवलं, आणि दारात येऊन असं काही भोकाड पसरलं की वरून दोन माणसं खरोखर धावत आली. खांदे, छाती, 'हे येशू!', सगळं जिथल्या तिथं. चौकट धरून खाली घसरल्या ते तर तालमीतही नव्हतं! कॅमेरावाल्याच्या डोळ्यांत पाणी. टॅनर तर इतका खूश, की नाव विचारायचंही विसरला. "जबरदस्त! थँक्यू, आजी!" आणि गेला.

दार लागल्याबरोबर त्या उठल्या, गुडघे झटकले, मला विचारलं, "आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला का?"

१५ जानेवारी, बुधवार

काल सहाच्या बातम्यांत पहिलीच बातमी आमची! आज सकाळी कंपनीची माणसं हजर. मी तीन आठवडे सभ्य भाषेत मागत होते, मिस व्हर्डेलनी एकदा लोळण घेतली आणि काम झालं. मग पंधरा वर्षं पोरांना मी शिकवतेय तरी काय?

रेडिएटर गरम आहेत. मिस व्हर्डेलनी कोलार्डची भाजी आणि मक्याचा पाव पाठवला. जेवताना वाईटही वाटलं आणि दोनदा वाढूनही घेतलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कॅमेरा गेला, बॉयलर गेला. काल रात्रीच बंद पडला. नुसती मलमपट्टी करून तोंडाला पानं पुसली होती आमच्या.

टॅनरला फोन केला. "ती बातमी झाली ना, मॅडम? बॉयलर सुरू झाल्याचंही आम्ही दाखवलं." म्हटलं, आता तो बंद झाल्याचं दाखव. "काही नवीन असेल तर बघू."

२० जानेवारी, सोमवार

किंग दिनाची सुट्टी, आमच्या काळ्या नेत्याच्या नावाची. आज वाहिनीवर आमचं नुसतं पीक आलंय! सकाळपासून काळ्या बायका: चर्चमध्ये गाणाऱ्या, टाळ्या वाजवणाऱ्या, हसणाऱ्या. दात कधी नव्हे ते आजच दाखवतात. उद्यापासून पुन्हा गुन्ह्याच्या जागी, पोलिसांच्या पिवळ्या फितीमागे उभ्या करतील.

मिस व्हर्डेल खाली उबेसाठी ओव्हन पेटवून, दार उघडं टाकून बसल्यात. वर चला म्हटलं, माझ्याकडे निदान विजेची शेगडी आहे. "दोन मुलं, तू, आणि मी चौथी? शेगडीलाच धाप लागेल." नाहीच आल्या. हट्टी म्हणजे अशी हट्टी बाई! उद्या ओढून आणते.

२२ जानेवारी, बुधवार

काल शाळेतून यायला उशीर झाला. गेले नाही खाली.

सकाळी कॉफी घेऊन गेले. खुर्चीत होत्या, ओव्हनसमोर, दोन्ही कोट घालून. ओव्हन विझलेला. हाक मारली. गालाला हात लावला आणि कळलं.

दुपारी टॅनर आला, न बोलावता. मी सगळं सांगितलं. व्हर्डेल पेटवे. वय. बॉयलर केव्हा बंद पडला, कुणाकुणाला कळवलं, कंपनीचं नाव. आवाज हलू दिला नाही. तो माईक धरून थांबून राहिला. "सावकाश, मॅडम. रडू आलं तर रोखू नका."

रडू तर येतच होतं. पण त्याला द्यायचं नव्हतं. मिस व्हर्डेलचं मरण तरी मला सरळ आवाजात सांगायचं होतं.

शेवटी त्यानं माईक खाली केला. कॅमेरावाल्याला म्हणाला, "बघू, दुसरं काहीतरी लावू."

२३ जानेवारी, गुरुवार

सहाच्या बातम्यांत लागलं. 'थंडीने वृद्धेचा मृत्यू'. मी कुठंच नाही. कंपनीचं नावही नाही. पडद्यावर घरातला गाऊन, टोपडं, दाराची चौकट — मिस व्हर्डेल! छातीवर हात, 'हे येशू!', आणि खाली पट्टी: 'मृत महिलेची शोकाकुल शेजारीण'.

मी ताडकन उठले. खाली मिस व्हर्डेलना सांगायला म्हणून पार दारापर्यंत गेले.