रिकाम्या डब्यांचा वास

अहेरी, ता. ६ मे १९५७

आजही वास आला नाई! घासलेटचा डबा नाकाले लावून पाह्यला, जसं पाणीच हुंगलं. होळीनंतरच्या तापानं नाक नेलं ते नेलंच. मी गळक्या डब्यांची भोकं झाळ लावून बुजवणारा माणूस. रिकाम्या डब्यातही वाफ राह्यते, झाळायची तापलेली डागणी टेकली का भडका! बायकोले, गोकुळाले, सांगतलं नाई. घाबरेल बिचारी.

ता. ९ मे

लाकूड ठेकेदाराचा मुनशी मनसाराम चौदा जुने डबे टाकून गेला. सारे गळके. पाऊस लागायच्या आत भामरागडच्या कॅम्पात पोचले पाह्यजेत, मग चार महिने रस्ता बंद. कंदील कशावर लावतील?

"आत काय होतं?"

"घासलेटच, मुखरूभाऊ. दुसरं काय?"

ता. १० मे

पाच डबे झाले. सोड्याच्या उकळत्या पाण्यानं दोनदा धुतले. मग वाफेले जागा उरू नाई म्हणून भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरलं, तोंड उघडं ठेवलं, आणि मग झाळ. वेळ लागते. लागू दे.

ता. १२ मे



मुनशी दारात उभा— "उद्या ट्रक निघते, धूत काय बसता? वाळला आहे डबा!" आणि मी ऐकलं! न धुताच डबा ओढला, शेगडीतली डागणी उचलली. गोकुळा पाणी घेऊन येत होती. एकदम ओरडली— "थांबा! पेट्रोल आहे!" घागर तिथंच टाकली अन् माझा हात मागं ओढला.

मुनशीचं तोंड उतरलं. "एखाद्यात असन," म्हणे.

तो गेल्यावर गोकुळा माझ्याकडे पाह्यतच राह्यली.

"तुमाले वास नाई आला?"

"नाई."

सारं सांगून टाकलं. तिनं एवढंच इचारलं— "मले काऊन नाई सांगतलं?"

सांडलेली घागर उचलून मीच पाण्याले गेलो.

ता. १३ मे

सकाळी बाकीचे डबे गोकुळानं एकेक हुंगले. कालचा धरून तीन पेट्रोलचे निघाले. मुनशीले म्हटलं, हे घेऊन जा, मी त्याईले डागणी लावत नाई. चिडला. चिडू दे. धुऊन, झाळून अकरा ट्रकवर चढवले. पाणी भरून पाह्यले होते, एकही गळला नाई.

आता कोणताही डबा आला का आधी तिच्या हाती देतो.

ता. २९ मे

डबा हुंगताच गोकुळाले उलटी झाली. कालही झाली होती. बुधरी दाईले बोलावलं. ती हसली— "मुखरूभाऊ, आता दुसरं नाक पाहा. बाईले तिसरा महिना आहे."

लग्नाले बारा वर्षं झाली, अन् आता पह्यलं लेकरू!